पहिल्या धारेची भाषा

मराठी समीक्षेला ‘आस्वाद’ हा शब्द अतिशय प्रिय आहे. काव्यास्वाद, रसास्वाद, रसग्रहण, आस्वादक समीक्षा, रुची, अभिरुची ही सारी शब्दसंपदा आपण पदवीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याच्या हाती देतो आणि पुढे पाच वर्षे ती त्याच्याकडून उत्तरपत्रिकांत वसूल करीत राहतो. हे सगळे शब्द मुळात जिभेचे आहेत. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना आधार घेतला तो नाना व्यंजनांनी संस्कारित केलेल्या अन्नाचा आणि ते प्रसन्न मनाने सेवन करणाऱ्या माणसाचा. साहित्यशास्त्राने जिभेकडून घेतलेले हे ऋण जुने आहे. प्रश्न असा, की शतकानुशतके हे शब्द वापरून झाल्यावर त्यांतले काही आपण मूळ मालकाला परत केले का? जे प्रत्यक्ष चाखले जाते त्याविषयी बारकाईने, भेद करीत आणि जबाबदारीने बोलण्याची भाषा आपल्यापाशी आहे का?

अन्नाच्या बाबतीत ती थोडीफार आहे. पेयाच्या बाबतीत, आणि विशेषतः ज्या पेयाचे नाव चारचौघांत काढताना आपण आवाज खाली आणतो त्याच्या बाबतीत, ती जवळजवळ नाही. ज्या जिल्ह्यात दर चैत्रात मोहाची झाडे पहाटे पहाटे फुलांचा सडा घालतात, त्या यवतमाळ जिल्ह्यात राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही उणीव जाणवायला हवी. मला मात्र ती जाणवली एका जपानी पेयामुळे. त्या पेयाचे नाव साके.

१

आमच्याकडून मराठी घेऊन बाहेर पडलेला आणि पुढे पुण्यात जपानी शिकून दुभाष्याचे काम करणारा एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटला, तेव्हा त्याने साके ‘समजावून’ दिली. चाखण्याआधी समजावून देणे हा प्रकारच मला नवा होता. त्याच्याजवळ पांढऱ्या चिनी मातीचे एक लहानसे भांडे होते. त्याच्या तळाशी निळ्या रंगाची दोन समकेंद्री वर्तुळे. साके पारखणाऱ्यांचे हे पारंपरिक भांडे. पांढऱ्या भागावर द्रवाचा रंग कळतो, निळ्या कडेवर त्याची नितळता कळते. पारखी मंडळी आधी पाहतात, मग हुंगतात, मग घोटभर जिभेवर खेळवतात आणि दिवसभरात पुष्कळ नमुने पारखायचे असतील तर थुंकून टाकतात. म्हणजे चाखणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मराठीत ‘घेणे’ या एकाच क्रियापदाखाली आपण दोन्ही गाडून टाकल्या आहेत.

साके तांदळाची. द्राक्षात साखर असते, म्हणून द्राक्षाचा रस आपोआप आंबतो. तांदळात साखर नसते, पिष्ट असते, आणि पिष्टाची दारू होत नाही. म्हणून जपानी कारागीर वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी चढवतो. ही बुरशी पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात त्याच वेळी यीस्ट त्या साखरेची दारू करते. दोन क्रिया एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकत चालतात. त्यामुळे ऊर्ध्वपातन न करताही मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. पुढे पाणी घालून ते बहुधा पंधरा-सोळा टक्क्यांवर आणतात.

त्याआधी तांदूळ सडायचा. ‘हातसडीचा तांदूळ’ म्हणताना आपण हे क्रियापद वापरतो त्याच अर्थाने. दाण्याच्या बाहेरच्या थरातली प्रथिने आणि स्निग्धांश नकोसा वास आणतात, म्हणून तो थर घासून काढतात. दाण्याचा साठ टक्के किंवा त्याहून कमी भाग शिल्लक ठेवला तर ती ‘गिंज्यो’, पन्नास टक्के किंवा त्याहून कमी ठेवला तर ‘दाइगिंज्यो’. वरून मद्यार्क मुळीच न मिसळता केवळ तांदूळ, कोजी आणि पाणी यांतून केलेली ती ‘जुन्माइ’. बाटलीवरचे नाव असे घडणीची हकिकत सांगते.

मला सर्वांत मोह पडला तो तापमानांच्या नावांचा. साके थंडही पितात आणि कोमटही, आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र शब्द आहे. पाच अंशांच्या आसपास ती ‘युकिबिए’, म्हणजे बर्फाची गारठ. दहाला ‘हानाबिए’. फुलांच्या बहरात अचानक परतून येणाऱ्या थंडीचे हे नाव. तीस अंशांना ‘हिनाताकान’, उन्हात ठेवल्यासारखी ऊब. पस्तिसाला ‘हितोहादाकान’, माणसाच्या कातडीची ऊब. ही नावे ऐकताना वाटले, की ही पेयाची यादी नसून ऋतुवर्णनाचा धडा आहे. आणि लगोलग दुसरा विचार आला, तो अधिक अस्वस्थ करणारा होता. आपल्याकडे काय आहे?

२

आपल्याकडे मोह आहे. तुलनेपूर्वी एक खुलासा करायला हवा. साके आंबवलेली असते, ऊर्ध्वपातित नसते. मोहाची दारू भट्टीवर गाळलेली असते. कुळ पाहायचे तर तिचे सख्य जपानच्या ‘शोचू’शी किंवा गोव्याच्या फेणीशी जुळेल. पण माझी तुलना पदार्थांची नाही. एका समाजाने आपल्या पेयाभोवती भाषा उभी केली आणि दुसऱ्याने ती केली नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

खरे तर साहित्यात मोह परका नाही. संस्कृतातला ‘मधूक’ तो हाच. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीला विवाहासाठी सजवतात, तेव्हा तिच्या केशरचनेत मधूकाच्या फुलांची माळ आहे. आपल्या भाषेच्या पूर्वजेत, महाराष्ट्री प्राकृतात, हालाच्या गाथासप्तशतीत मोहाची झाडे आहेत आणि फुले वेचणारी माणसेही आहेत. मधूकाचा ‘महुअ’ झाला आणि त्याचा मराठीत ‘मोह’ झाला. भुरळ या अर्थाचा संस्कृत ‘मोह’ वेगळ्या धातूपासून आलेला, तोही मराठीत नांदतच होता. दोन शब्द एका उच्चारात येऊन मिळाले आणि झाडाच्या वाट्याला विनाकारण एक नैतिक कलंक आला. भाषेत असे अपघात होतात. या झाडाच्या बाबतीत तो अपघात समाजाने मनावर घेतला.

आधुनिक मराठी साहित्यात मद्य आले ते प्रामुख्याने शोकांतिकेच्या वाटेने. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ने १९१३ साली शुक्राचार्यांच्या मद्यासक्तीची कथा रंगभूमीवर आणली. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आला आणि सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावे घराघरांत पोहोचली. या नाटकांचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही. सिंधूचे दुःख कल्पित नव्हते. परंतु त्या प्याल्यात काय होते, ते कशाचे होते, कोणी केले होते, हा प्रश्न वर्गात कधी कोणी विचारीत नाही. प्याला हे प्रतीक झाले आणि प्रतीकाला चव नसते. शहरी, सुशिक्षित वकिलाच्या विनाशाची ती कथा पुढे मराठी मनातल्या प्रत्येक पेयाची कथा होऊन बसली. जंगलातल्या पोडावर, सणाला, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर आधी चार थेंब शिंपडून मग वाटले जाणारे पेयही त्याच प्याल्यात ओतले गेले.

आज मराठीत मोहाच्या दारूविषयी तपशिलाने लिहिलेला मजकूर मिळतो तो बहुतेक एकाच ठिकाणी, पोलीस कारवाईच्या बातमीत. इतके लिटर दारू, इतके पिंप ‘मोहाचा सडवा’, इतक्या रुपयांचा मुद्देमाल, जागीच नष्ट. ‘सडवा’ हा शब्द जरा थांबून पाहावा. आंबत ठेवलेल्या फुलांना जपानी कारागिराच्या भाषेत ‘मोरोमी’सारखे स्वतःचे नाव मिळाले असते. आपण त्यांना कुजण्यावरून नाव दिले. हीच आपली मोहाविषयीची गद्यभाषा. तिच्यात मोजमाप आहे, पण पारख नाही. दुसरी भाषा प्रवचनाची. तिच्यात निषेध आहे, पण तपशील नाही. पंचनामा आणि प्रवचन या दोन भाषांच्या मध्ये जाणकाराची तिसरी भाषा असायला हवी होती. ती जागा रिकामी आहे.

पूर्णपणे रिकामी नाही, असे मात्र म्हणायला हवे. बोलीत एक शब्दप्रयोग टिकून आहे, ‘पहिल्या धारेची’. भट्टीतून प्रथम उतरते ती तीव्र धार आणि नंतरची सौम्य होत जाणारी धार यांतला फरक ज्यांनी केला त्यांचा हा शब्द. तो आपण राजकारण्यांच्या भाषणाला लावतो, विनोदाला लावतो, कवितेलाही लावतो. म्हणजे पारखीचा एक खरा शब्द आपल्या भाषेने उचलला आणि लगेच त्याचे रूपक करून टाकले. ज्या भांड्यातून तो आला ते भांडे मात्र विसरून गेली.

३

भाषा नाही म्हणजे ज्ञान नाही असे मात्र नव्हे. केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर एका वृद्ध बाईंशी झालेले बोलणे मला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. वाळवलेली मोहफुले मनुकांसारखी दिसतात. त्यांनी मूठभर फुले हातात चोळून सांगितले, की ही झाडाखाली पडल्यावर अवकाळी पावसात भिजलेली आहेत, यांना वास येईल. त्या म्हणाल्या, “गुरुजी, फूल कोरडं पायजे, अन् धुऊ नये कोनी त्याले.” मग त्यांनी चुलीवर थेंब टाकून ज्योत कशी उठते ते पाहण्याची रीत सांगितली. कुठले लाकूड जाळले तर धूर मालात उतरतो, आंबायला उन्हाळ्यात किती दिवस आणि हिवाळ्यात किती, कुठल्या झाडाचे फूल गोड आणि कुठल्याचे तुरट, हेही सांगितले. झाडे त्यांना एकेकटी माहीत होती. द्रोणात पुढे केलेला घोट मी चाखला. आधी धूर, मग फुलाचा काहीसा कुबट-गोड वास, मग घशात रेंगाळणारी ऊब. मला सुचले ते इतकेच शब्द. त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक सुचत होते, परंतु ते त्यांच्या भाषेत, कोलामीत. आपसात त्या जे बोलत होत्या ते माझ्यासाठी मराठीत उतरताना निम्मे गळत होते.

साके पारखणारा प्रमाणपत्रधारक आणि या बाई यांच्यात ज्ञानाचा फरक मला दिसला नाही. फरक दिसला तो ज्ञानाच्या दर्जाचा. एकाच्या ज्ञानाला परीक्षा आहे, पाठ्यपुस्तक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोजीच्या साहाय्याने साके करण्याच्या पारंपरिक कौशल्याचा समावेश युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. दुसरीच्या ज्ञानाला दारूबंदी कायद्याचे कलम आहे.

४

येथे ‘जपानी लोक मुळातच रसिक, आपण मुळातच अरसिक’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळायला हवा. जपानचा इतिहास तसे सांगत नाही. तिथेही शेतकरी घरोघरी ‘दोबुरोकु’ नावाची न गाळलेली, पांढरट साके करीत. १८९९ साली सरकारने घरी मद्य करण्यावर संपूर्ण बंदी घातली. कारण नैतिक नव्हते, महसुली होते. त्या काळी मद्यावरचा कर हा जपानी राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता, आणि घरी केलेल्या साकेवर कर बसवता येत नव्हता. याच सुमारास, १८९२ साली, मुंबई इलाख्यात मोहफुलांचा साठा आणि व्यवहार नियंत्रित करणारा खास कायदा झाला. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते, पण इथेही भट्ट्या आणि दुकाने सरकारी मक्त्याच्या व्यवस्थेत आली होती. दोन दूरच्या देशांत, एका दशकात, एकच गोष्ट घडली. घरातले पेय गुन्हा झाले आणि दुकानातले पेय महसूल झाले.

जपानमध्ये साकेची भाषाही दीर्घकाळ कराचीच भाषा होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘विशेष’, ‘पहिली’, ‘दुसरी’ अशी प्रतवारी आली आणि ती कराच्या दराशी बांधलेली होती. जो कारखाना आपला माल सरकारी तपासणीला पाठवत नसे त्याचा माल आपोआप ‘दुसऱ्या’ प्रतीचा ठरे. युद्धकाळात आणि नंतर तांदळाच्या टंचाईमुळे साकेत बाहेरचा मद्यार्क, साखर, आम्ल मिसळण्याची पद्धत रूढ झाली होती. तिला कंटाळलेल्या ग्राहकांनी १९७० च्या दशकात गावोगावच्या लहान कारखान्यांची साके शोधायला सुरुवात केली, आणि त्यांना उत्तम साके सापडली ती पुष्कळदा ‘दुसऱ्या’ प्रतीत. अखेर १९९० पासून घडणीवर आधारलेली नावे आली आणि १९९२ साली जुनी प्रतवारी रद्द झाली. आज ज्या शब्दांचे आपण कौतुक करतो ते गिंज्यो, जुन्माइ वगैरे शब्द अधिकृत भाषा म्हणून जेमतेम साडेतीन दशकांचे आहेत. प्रतवारीचा निकष करावरून कारागिरीकडे वळला तेव्हा भाषा बदलली. हा माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा आहे.

आपण कुठे आहोत? आपली प्रतवारी अजून कराचीच आहे. ‘विदेशी’, ‘देशी’ आणि ‘गावठी’. यांतली ‘विदेशी’ बहुतांशी भारतातच तयार होते. ‘देशी’ म्हणजे कारखान्यातली, सरकारमान्य. आणि उरले ते सगळे ‘गावठी’. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती दारू कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मेथॅनॉलच्या भेसळीची होती, तरीही सर्वसाधारण बोलण्यात ती ‘गावठी’च. कोलाम पोडावर कोरड्या फुलांची पारख करणारी बाई आणि रसायनाचे पिंप विकणारा टोळीवाला यांना एकच विशेषण लावणारी भाषा नीतीच्या कामाची नाही आणि पोलिसांच्याही कामाची नाही. भेद न करणारी भाषा नेहमी दुबळ्याच्या विरुद्ध जाते, कारण सबळाला भेद करून घेण्यासाठी वकील असतो.

५

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो येतो स्त्रियांकडून. तो मी सर्वांत गंभीर मानतो. विभागातल्या एका सहकारी प्राध्यापिकेने तो नेमका मांडला. त्या म्हणाल्या, “सर, चवीच्या गोष्टी तुम्हांला सुचतात, कारण रात्री दार वाजल्यावर तुम्हांला भीती वाटत नाही.”

या वाक्याला युक्तिवादाने उत्तर नाही. यवतमाळ हा कापसाचा आणि शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा आहे. कर्ज, नापिकी आणि दारू यांचा एकमेकांशी संबंध काय, यावर अभ्यासक वाद घालतील, पण गावातल्या बाईला तो संबंध ठाऊक आहे. वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठली. आमच्या जिल्ह्यातही संपूर्ण दारूबंदीच्या मागणीसाठी स्त्रिया वर्षानुवर्षे मोर्चे काढत आल्या आहेत. महाराष्ट्राने त्यांना मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद दिली आणि त्यातून मराठीला ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग मिळाला. मतपत्रिकेवरचे उभ्या आणि आडव्या बाटलीचे चित्र गावोगावच्या बायकांनी राजकीय कृतीत बदलले. मद्यासंबंधी गेल्या काही दशकांत मराठीत आलेला सर्वांत जिवंत शब्दप्रयोग कोणी रसिकाने दिलेला नाही, तो या बायकांनी दिला आहे, हे मी मान्य करतो आणि अभिमानाने मान्य करतो.

तरीही माझा आग्रह सुटत नाही, आणि त्याचे कारण याच बायकांच्या लढ्यात आहे. त्यांचा मोर्चा जातो तो बहुतेक वेळा परवानाधारक देशी दारूच्या दुकानावर. महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूदुकानांना विरोध केला होता. त्यांचा रोखही परवाना देणाऱ्या व्यवस्थेवर होता. महसुलासाठी दुकान उघडणारे राज्य आणि नीतीसाठी भट्टी फोडणारे राज्य एकच असते, ही विसंगती दीडशे वर्षे जुनी आहे. आजही महाराष्ट्रातला मूळ कायदा ‘दारूबंदी’ कायदा आहे. १९४९ चा. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्याच कायद्याखाली दुकानांना अनुज्ञप्त्याही मिळतात. या विसंगतीवर बोट ठेवायचे तर ‘दारू’ या एका शब्दाने भागणार नाही. सणाचे पेय वेगळे, रोजच्या मजुरीतून दुकानाच्या गल्ल्यात जाणारी बाटली वेगळी, रसायनाचे विष वेगळे, असे म्हणता आले पाहिजे. पारखीची भाषा ही पिणाऱ्याची बाजू घेणारी भाषा नव्हे. नेमक्या ठिकाणी ‘नको’ म्हणायलाही तीच लागते.

पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्याने, तिथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. आमच्या जिल्ह्यातल्या केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी या भागांतली पुष्कळ गावे त्या क्षेत्रात येतात. ‘बंदी’ आणि ‘नियमन’ यांत निवड करायची तर ग्रामसभेजवळ, आणि तिच्यातल्या बायकांजवळ, भेद सांगणारे शब्द हवेत. ते शब्द त्यांच्याजवळ आहेतच. ठरावाच्या मराठीत मात्र ते नाहीत.

६

दुसऱ्या बाजूने एक नवी भाषा येऊ घातली आहे आणि तिच्यापासूनही सावध राहायला हवे. ती बाजाराची भाषा. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय घोषित केले. मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ हे नाव देऊन आदिवासी बचतगटांकडून ती तयार करून घेण्याचे धोरण आखले. महाराष्ट्राने २०२१ साली मोहफुले गोळा करणे, साठवणे, नेणे यांवरचे जुने निर्बंध उठवले. या पावलांचे मी स्वागत करतो. फूल वेचणाऱ्या हाताला गुन्हेगार न मानणे ही किमान सभ्यता आहे.

परंतु उद्या मोहाची देखणी बाटली मुंबई-पुण्याच्या काउंटरवर आली, तिच्यावर ‘जंगलाचा सुगंध’ वगैरे छापले गेले, आणि पोडावरच्या बाईच्या भट्टीवर धाड पडतच राहिली, तर आपण एका अन्यायावर सुंदर लेबल चिकटवले एवढेच होईल. जपानमध्येही हे घडून गेले आहे. कौतुकाच्या एवढ्या गदारोळात घरी दोबुरोकु करणे तिथे आजही सर्वसाधारणपणे बेकायदाच आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून काही खास विभागांत परवान्याने सूट मिळाली, इतकेच. आणि ज्या परंपरेचा वारसा म्हणून गौरव झाला तिच्या कारखान्यांत शतकानुशतके बायकांना पाऊल ठेवायला मनाई होती. तिथल्या स्त्री कारागिरांनी ती जागा अलीकडच्या काळात मिळवली आहे. वारसा हा शब्द असा बरेच काही झाकून ठेवतो. आमच्याकडे तर उलट स्थिती आहे. फुले वेचणाऱ्या बहुधा बायका, वाळवणाऱ्या बायका, पुष्कळ ठिकाणी गाळणाऱ्याही बायका. दारूचा मार खाणाऱ्याही बायकाच. या दोन्ही बायका एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच देहात राहतात. त्यांना सोडून झालेले कोणतेही रसग्रहण मला नको आहे.

७

मग मराठीच्या प्राध्यापकाने काय करायचे? धोरण ठरवणे त्याचे काम नाही. शब्द सांभाळणे हे आहे.

आमच्या वर्गात गोंड आणि कोलाम घरांतली मुले-मुली बसतात. प्रमाण मराठीत निबंध लिहिताना ती आपल्या घरातले मोहाचे सारे ज्ञान दाराबाहेर ठेवून येतात, कारण त्या ज्ञानासाठी या भाषेत एकच कप्पा आहे आणि त्यावर ‘गुन्हा’ असे लिहिले आहे. ‘माझ्या गावातील मार्च महिना’ या विषयावर कितीतरी निबंध मी तपासले आहेत. होळी असते, परीक्षा असते, पाणीटंचाई असते. पहाटे आईबरोबर टोपली घेऊन मोहाखाली जाणे क्वचितच असते. हे मौन त्या मुलांचे नाही, आपल्या अभ्यासक्रमाने शिकवलेले आहे.

पदव्युत्तर वर्गांना आपण बोलीविज्ञान शिकवतो, लोकसाहित्य शिकवतो, प्रकल्प करून घेतो. त्यांतला एक प्रकल्प मोहाच्या शब्दकोशाचा का नसावा? झाडाच्या प्रकारांना काय म्हणतात, झाडाखालची जागा झाडून साफ करण्याला काय म्हणतात, पहिल्या दिवशी पडलेल्या फुलाला आणि शेवटच्या दिवशीच्या फुलाला वेगळी नावे आहेत का, भिजलेल्या फुलाला काय म्हणतात, फुलांच्या भाकरीला, उकडलेल्या फुलांना, बियांच्या तेलाला, भट्टीच्या प्रत्येक भांड्याला, प्रत्येक धारेला, धुराच्या वासाला, आणि हो, पिऊन आलेल्या नवऱ्याला, त्याला समजावण्याला, त्याला घराबाहेर काढण्याला कोणते शब्द आहेत? गोंडीत कोणते, कोलामीत कोणते, वऱ्हाडीत कोणते? हा कोश भोगाचाही असेल आणि दुःखाचाही. त्याने कोणी दारूकडे वळेल ही भीती मला निराधार वाटते. शब्दकोश वाचून कोणी बिघडल्याचे ऐकिवात नाही.

जपानी माणसाने पेयाच्या गारव्याला बहरातल्या थंडीचे नाव दिले, याचे आपण कौतुक करतो तेव्हा खरे कौतुक त्या समाजाच्या लक्ष देण्याचे असते. आस्वाद म्हणजे मुळात लक्ष देणे. कवितेकडे लक्ष द्यायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, ओळीतला एक शब्द बदलला तर काय बिघडते हे दाखवतो. मग जी बाई मूठभर फुले चोळून पावसाची बातमी सांगते, तिच्या लक्ष देण्याला आपल्या समीक्षेत जागा नसावी, हे मला आपल्या ‘आस्वाद’ या शब्दाचेच अवमूल्यन वाटते. मोह चैत्रात फुलतो, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत. प्रकल्पाच्या वह्या त्याआधी मुलांच्या हाती पडल्या, तर या वर्षीचा हंगाम वाया जाणार नाही.